शिट्टीने नळी फुटत नाही

दौंड, ता. १० डिसेंबर १९५७

प्रिय राहेल हीस,

आजोबांचे अनेक आशीर्वाद. नाताळास तू घरी येणार नाहीस आणि वसतिगृहात गाणेही म्हणत नाहीस, असे केडगावहून तुमच्या बाईंचे पत्र आले. मोठ्यांच्या आजाराची चर्चा लहानांशी करणे मला पसंत नाही. तथापि तू आता दहा वर्षांची आहेस. आईस काय झाले, हे तुला समजलेच पाहिजे.

मी येथील इंजिनशेडमध्ये तीस वर्षे फिटर होतो, हे तू जाणतेस. पाण्याची रबरी नळी वरून धडधाकट दिसते. परंतु एखाद्या जागी ती मुळातच पातळ असते. रोजच्या दाबाने तेथे बोराएवढा फुगवटा येतो. वरच्या वेष्टणाखाली तो दिसत नाही. मग एके दिवशी फुटतो. मेंदूतही रक्ताच्या अशाच बारीक नळ्या असतात. तुझ्या आईच्या एका नळीस तसा फुगवटा होता. तो दिवाळीच्या सुटीत फुटला. म्हणून एकाएकी तिचे डोके असह्य दुखले आणि ती चुलीपुढे कोसळली. पुष्कळ माणसे यातून उठत नाहीत. देवकृपेने ती सहा आठवड्यांनी पुण्याहून घरी आली. डावा हात अद्याप जड आहे, शब्द शोधावे लागतात. काल मला म्हणाली, "मामंजी, माझी पोर... मुकी झाली व्हय?" मजजवळ उत्तर नव्हते.

वरील वाक्य खोटे आहे. खाडाखोड मला आवडत नाही, म्हणून राहू देतो. उत्तर होते. त्या सकाळी तू नाताळचे गीत घोकत होतीस आणि मी ओरडलो, "गप बस, कार्टे! तुझ्या आरड्यानं आईचं डोकं फुटंल!" दुपारी ती पडली. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलेस. पुढे सुटीभर तू कुजबुजतच बोललीस. मला ते कळत होते, तरी मी गप्प राहिलो.

गाण्याने अशी नळी फुटते काय, हे डॉक्टरांना मी विचारले, पण कोणा दुसऱ्याच गृहस्थाची हकीकत म्हणून. ते म्हणाले, फुगवटा कित्येक वर्षांचा असावा. लेकराच्या गाण्याचा त्यात काडीचा दोष नाही. फिटरास हे ठाऊक असावयास हवे होते. इंजिनाची शिट्टी कोसभर ऐकू जाते. शिट्टीने फुटलेली नळी मी तीस वर्षांत पाहिली नाही.

राहेल, मी चुकलो. हे मी आजवर कोणास लिहिले नाही, तुझ्या आजीसही नाही. हे पत्र त्याकरिताच. चोवीस तारखेस तुला नेण्यास केडगाव स्टेशनावर येतो. घर जवळ आले की गल्लीच्या तोंडापासूनच मोठ्याने गा. कोणी तक्रार केल्यास मी पाहून घेईन.

तुझाच चुकलेला आजोबा,
याकोब