आखडलेली काठी आणि काचेची भिंत

तीर्थरूप दादास,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. वाकून केला असं समज (कडेवर भिंगरी आहे, खरंच वाकले तर दोघी पडू). तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? आणि ऐकलं की तुझी छोटी आरी हरवली म्हणून तू वहिनीवर तीन दिवस आवाज चढवलास आणि आता बोलतही नाहीस. दादा, वस्तू काय, आज नाही तर उद्या सापडते. सुतारानं एका आरीपायी बायकोशी अबोला धरायचा म्हणजे कमाल झाली. आधी तिच्याशी बोल, मग हे पत्र वाच. फोनवर सांगितलं असतं, पण फोन आमचे हे नेहमी स्पीकरवर लावतात आणि सासूबाई भाजी चिरता चिरता मधेच उत्तरं देतात.

तर आमच्या मागच्या नव्या खोलीची हकीकत. छत घालून झालं, बाजूच्या दोन भिंती झाल्या, जायचं-यायचं दार बाजूच्या भिंतीत बसलं आणि समोर उरलं हे एवढं मोठं भगदाड. तिथे भिंत नाही, काच. जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच, तीन तावदानं शेजारी शेजारी. ही अक्कल नकाशा काढणाऱ्या मॅडमची. त्या म्हणाल्या, आत आणि बाहेर यात फरकच राहणार नाही. आमच्या ह्यांनी अशी मान डोलावली की मला वाटलं आता गळून पडते. मी विचारलं, मॅडम, फरक राहिला नाही तर रांगणाऱ्या पोरीला कसं कळणार कुठे थांबायचं? त्या हसल्या आणि म्हणाल्या, काळजी करू नका, ही भट्टीत भाजलेली काच असते, फुटली तरी पाती निघत नाहीत, खड्या मिठासारखा चुरा होतो. म्हणजे फुटते तर! पण माझं कोण ऐकतंय. तू लहानपणापासून मला भित्री भागूबाई म्हणतोस, तेच नाव ह्यांनी उचललंय, हुंड्यात दिल्यासारखं.

मग मॅडमनी नमुना म्हणून एक तावदान आणून त्या भगदाडात उभं करून ठेवलं, म्हणे दोन दिवस सोबत राहून बघा. राहिलो. पहिल्याच सकाळी हे चहाचा कप घेऊन बाग बघायला निघाले आणि काचेला नाक लावून परत आले. बाग राहिली तिथेच, चहा शर्टावर. दुपारी सासूबाई काचेपलीकडच्या बाईला 'या ना, आत या' म्हणत होत्या. ती बाई म्हणजे त्या स्वतःच. (मी सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी गोड बोलत होत्या, कशाला मोडता घाला.) इथपर्यंत मीही हसले, खोटं का बोलू. पण संध्याकाळी भिंगरीला बाहेर मांजर दिसलं. ती रांगत अशी सुटली, अशी सुटली, की मी हातातलं पातेलं टाकेपर्यंत ठप्प. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. रडायच्या आधी ती जो श्वास रोखते ना दादा, तेवढ्यात माझं अर्धं आयुष्य जातं. आणि हे काय म्हणाले? 'शिकेल.' सासूबाई म्हणाल्या, 'तुझा नवरा तर पायऱ्यांवरून तीनदा पडला होता.' (ते दिसतंच आहे, असं मी मनात म्हटलं.) काचेवर निदान रंगीत टिकल्या चिकटवा म्हटलं, तर मॅडमना दृश्य बिघडतं. खाली हातभर विटांची भिंत घ्या, वर पाहिजे तेवढी काच लावा म्हटलं, तर ह्यांनी मॅडमकडे बघून असं स्मित केलं की जणू मीच घरात सांडलेय आणि पुसून घ्यायचीय.

नंतर आले काचवाले काका. म्हातारे, कानाला पेन्सिल, मोजायच्या टेपवर अजिबात विश्वास नाही. म्हणाले, 'टेप वाकते, लोंबते, माणसागणिक वेगळं बोलते. काठी खोटं बोलत नाही.' त्यांनी एक लांब लाकडी पट्टी घेतली, जमीन ते छत अशी उभी केली आणि केसाचाही फरक न ठेवता कापली. तीच काठी कारखान्यात जाणार, तिच्यावरून चौकट आणि काच दोन्ही बनून येणार. वरच्या टोकाला काकांनी पेन्सिलीनं सही केली. मॅडमचीही सही हवी होती आणि त्या गुरुवारी यायच्या होत्या, म्हणून काठी दोन दिवस आमच्याकडे कोपऱ्यात उभी राहिली. काका बजावून गेले, जपा, एकदा काच भट्टीतून निघाली की नखाएवढीही कापता येत नाही. जसं माप, तशी काच, बदल नाही. मी म्हटलं, अगदी जपते. (मधल्या बुधवारी मी भिंगरीला घेऊन तुझ्याकडे तासभर आले होते, आठवतं का? वहिनीनं चहा केला होता.) गुरुवारी मॅडमनी वरच्या टोकाला सही केली आणि काठी गेली.

तीन आठवड्यांनी ट्रक आला. चार माणसांनी पहिलं तावदान चौकटीसकट उचललं, वर टेकवलं आणि खाली हातभर जागा मोकळी. दुसरं, तेच. तिसरं, तेच. हे ओरडले, मॅडम ओरडल्या, सासूबाईंना कळलं नाही पण त्याही ओरडल्या. काका तेवढे वाकून ती फट वितीनं मोजत होते. चाळीस वर्षांत काकांचं माप चुकलं नव्हतं, असं ट्रकवाला मला हळूच म्हणाला. तेव्हा दादा, मला पळून जावंसं वाटलं. काकांनी काठी मागवली. वरच्या सह्या बघितल्या, काठी उलटी केली, खालचं टोक बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी भिंगरीकडे बघितलं. भिंगरी छताकडे बघत होती, काय गुणाची पोर. तिच्या कपाळावरचा डाग अजून पुरता गेला नव्हता, तो काकांनी बघितला. मग काठी बगलेत मारून म्हणाले, 'लाकूड आहे. आटतं.' हे म्हणाले, 'हातभर?' काका म्हणाले, 'हवा कोरडी आहे ना यंदा.' आणि पुढे, 'खाली वीट घेतो, माझ्या पदरची. काच आता बदलत नाही.'

तर दादा, खाली हातभर भिंत झाली. बरोब्बर हातभर. मॅडम दोन दिवस फुगल्या, तिसऱ्या दिवशी त्या भिंतीच्या आतल्या रुंद पाळीवर बसून चहा प्यायल्या, फोटो काढले, आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की ही बैठक मीच सुचवली. सासूबाईंनी पाळीवर गादी घातली. हे माझ्याशी भिंतीबद्दल बोलत नाहीत, पण काल तिथेच डुलकी काढत होते. सगळं छान आहे. काळजी करू नकोस. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
भागूबाई

ता. क. वहिनीची माफी माग. आरी माझ्याकडे आहे. त्या बुधवारी भिंगरीच्या लंगोटांच्या पिशवीत घालून नेली. भिंगरीला काठीजवळ रांगायला लावलं, डोक्यापर्यंत खूण केली, वर चार बोटं जास्त धरली आणि तेवढी काठी खालून कापली. आरी मला कुठे चालवता येते, टोक उंदरानं कुरतडल्यासारखं झालं. काका जाताना दारात थांबून फक्त एवढंच म्हणाले, 'ताई, कापल्यावर पॉलिश पेपर मारायचा असतो.' मी त्यांच्या पाया पडायला गेले तर म्हणाले, 'नको, नातवाला असंच टेंगूळ आलं होतं.' त्यांच्या विटा परत करायच्या आहेत, तुझ्या ओळखीच्या वीटवाल्याला सांगून ठेव.

ता. क. २. आता पत्र खरं कशासाठी लिहिलं ते. काच यायला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात भिंगरी रांगायची सोडून उभी राहायला लागली. काल उलट्या बादलीवर चढली, तिथून सासूबाईंच्या गादीवर, आणि आता ती माझ्याच भिंतीवर उभी राहून काचेवर चमचा बडवतेय. आधी नुसती काचेवर आपटली असती, आता उंचावरून पडेल, आणि ती पाळ मीच बांधून घेतली. मी पत्र लिहितेय ते एका हातानं, दुसऱ्या हातात तिचा फ्रॉक आहे. रविवारी ये आणि पाळीला आतून लाकडी कठडा करून दे. ह्यांना सांग, भाचीला मामाची भेट. उंचीचं माप मी एका नव्या काठीवर घेऊन ठेवलंय आणि ती काठी कपाटात कुलपात आहे. हत्यारं घेऊन ये, आरी सोडून. ती इथेच आहे.