मास्तरांच्या नावाचं कडवं

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझा नातूसुद्धा आता तुमच्यापेक्षा वयानं मोठा आहे. तुम्ही सत्ताविसाव्या वर्षी गेलात आणि तिथंच थांबलात. म्हातारं व्हायचं काम आमच्यावर टाकलंत. लिहायला बसले खरी, पण दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईचं लिहिणं आहे, चुका पोटात घाला.

महाडकडच्या नाते गावाजवळ आमची वाडी, तिथं तुम्ही शाळेवर आलात तेव्हा तुमच्या ट्रंकेपेक्षा बाजाची पेटीच मोठी होती. पेटी वाजवायचात, बुलबुलतरंग वाजवायचात, गाणी रचायचात, जयंतीला नाटुकलं लिहून त्यातल्या सासूचं सोंगही स्वतःच घ्यायचात. महाडच्या साप्ताहिकात तुमची गोष्ट छापून आली, तो कागद वाडीत हातोहात फिरून मऊ पडला. आमचे हे तुमच्या गायनपार्टीत ढोलकीला, त्यामुळं तालीम आमच्या पडवीत आणि चहा माझ्या चुलीवर. वरंधपासून पोलादपूरपर्यंत लग्नाबारशाला तुम्हाला बोलावणी यायची.

अक्षर मात्र तुमचं कोंबडीनं उकरल्यासारखं. पार्टीत कुणाला ते लागेना, म्हणून गाणी नीट उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मला अक्षरं तेवढी ओळखीची होती. अडले की तुम्हाला विचारायचं, असं करत मी खरी वाचायला शिकले ती तुमच्या वहीवर. एकदा भातलावणीचं गाणं उतरवताना त्यातलं 'थकलेली माय' काही मला पटलं नाही. मी 'वाकलेली माय' केलं. तुम्ही वही बघितलीत आणि तुमचे कान लाल झाले.

"वैनी, हे कुणी केलं?"

"मीच. भातलावणीत बाई आधी वाकते, मास्तर. थकायचं घरी आल्यावर. तेपण कुणी थकू दिलं तर."

"माझ्या गाण्यात हात घालायचा नाय. सांगून ठेवतो."

ह्यांनी ढोलकीवर हळूच बोटं वाजवली. "माझ्या कालवणातपण ती अशीच मीठ घालते, मास्तर. इचारीत नाय."

तीन दिवस तुम्ही अबोला धरलात. मग वरंधच्या लग्नात 'वाकलेली माय' असंच गायलात आणि गाताना बायकांच्या बाजूला बघितलंत. दुसऱ्या दिवशी एक कोरी, जाड वही माझ्यापुढं ठेवलीत. म्हणालात, "ह्यात माझं काय उतरायचं नाय. तुमचं लिहा." लुगडी, बांगड्या आयुष्यात पुष्कळ मिळाल्या, मास्तर. माझ्या डोक्यात चालतं त्याच्यासाठी कुणी काही आणलं, ते तेवढंच.

मुंबईच्या कॅसेटवाल्यांनी तुम्हाला बोलावलं आणि त्याच भादव्यात तुम्हाला कावीळ झाली. त्या भातलावणीच्या गाण्याची चारच कडवी झाली होती, शेवटचं राहून गेलं. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं ही गायनपार्ट्यांची रीत. नाव नसलेलं गाणं कुणीही आपलं म्हणून उचलावं. तुम्ही गेल्यावर जलदानविधीलाच कशेडीकडच्या पार्टीचा गायक ह्यांना म्हणाला, "चाल लय गोड हाय. नाव नाय ना त्यात? मग आमी घेतो." हे घरी येऊन भिंतीला टेकून बसले, जेवले नाहीत. "गेलंच म्हणायचं मास्तराचं गाणं," एवढंच म्हणाले.

मी तुमची कोरी वही काढली. भाकऱ्या थापता थापता दोन दिवसांत कडवं झालं, तुमच्या नावासकट. ह्यांना म्हटलं, मास्तरांच्या कागदांत सापडलं. त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ढोलकी पुढं ओढली. त्या महिन्यात त्यांनी ते इतक्या ठिकाणी म्हटलं की कशेडीवाल्याला हात लावायची सोयच उरली नाही. आजही लोक ते तुमच्याच नावानं गातात. परवा पोलादपूरला एका लग्नात पोरींनी म्हटलं, तेव्हा शेजारची बाई मला म्हणते, "शेवटचं कडवं काय लिवलंय ओ ह्या माणसानं." मी म्हटलं, होय बाई, हुशार होता माणूस. आणि मला बरं वाटलं, तुमच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही.

हे पत्र टाकायला पेटी कुठली असणार, घडी करून पेटाऱ्यात ठेवते. एक सांगायचं राहिलं. त्या कडव्यात आधी मी माझं नाव लिहिलं होतं. चालीत अगदी नेमकं बसत होतं. एक दुपारभर तसंच ठेवलं, चूल फुंकताना दोनदा म्हणूनही बघितलं, आणि मग खोडलं.