पट्टेवाल्याची पेज

बाबा, आपला पट्टेवाला म्हातारा झाला. मी तिसरीत असताना दर रविवारी सकाळी शेजारच्या काकींकडे टीव्हीवर लागायचा तोच. मनगटाला हिरवा पट्टा बांधला की उडायचा आणि जगाला वाचवायचा. तुम्ही त्याला 'तुझो पट्टेवालो' म्हणायचात, जणू तहसील कचेरीत फायलीच नेतो. परवाच्या रविवारी त्या मालिकेतली सगळी माणसं इतक्या वर्षांनी एकत्र येणार म्हणून खास कार्यक्रम होता. तारकर्लीच्या घरी पाहुण्यांच्या खोल्या आवरल्या, भाताचा कुकर लावला आणि मी टीव्हीपुढे बसले. पट्टेवाल्याचं पोट सुटलंय. ज्याला बघून आम्ही काकींच्या पदरात तोंड लपवायचो तो खलनायक गुडघे धरत सोफ्यावर बसला, आणि दोघं एकमेकांचे हात धरून हसत होते. मला फार बरं वाटलं ते बघून. जुनी उडण्याची दृश्यं दाखवली तेव्हा मुलगा म्हणाला, "आये, तार दिसता गो." मी म्हटलं, "आमका नाय दिसली कधी."

मग त्यांनी शेवटचा भाग लावला आणि मी टीव्हीच्या आणखी जवळ सरकले. कारण तो भाग मी कधी पाहिलाच नव्हता. त्या रविवारी ऐन मारामारीत अख्ख्या गावाची लाईट गेली होती. काकींचे सासरे उठले, टोपी सारखी केली आणि जत्रेत घालतात तसं त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही पोरां सकाळपासून बसलीत, गेलेली लाईट परत हाड रे म्हाराजा." आम्ही डझनभर पोरं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणालो. देवाने ऐकलं, पण लाईट आली ती संध्याकाळी बातम्यांना.

तुम्ही त्या दिवशी एसटीवर कंडक्टर म्हणून वैभववाडीला गेला होतात. दुपारी आलात, खाकी शर्ट खुंटीला लावलात आणि बांगडे साफ करायला बसलात. आई जाऊन चार महिने झाले होते, चूल तुमच्याकडे आली होती. मी रडत शेजारी बसले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "स्टँडासमोरच्या हॉटेलात बघलंय मी. तिकडे लाईट होती." मग सगळं सांगितलंत. शत्रू मेला. पट्टेवाल्याने मनगटाचा पट्टा काढला आणि बहिणीच्या खिडकीत ठेवला. मी विचारलं, "मगे तो खंय गेलो?" तुम्ही हातातला बांगडा धुतलात, परत एकदा धुतलात. "खंय जातलो? घरात इलो. भयणीन पेज वाढल्यान, तोंडाक लावूक खारो बांगडो. दोनदा मागून जेवलो."

मी विश्वास ठेवला, कारण तुमचा खोट्याशी उभा दावा. एकदा आत्येने पढवलं म्हणून मी गाडीत माझं वय चार वर्षं सांगितलं, तर तुम्ही भर गाडीत माझं अर्धं तिकीट फाडलंत आणि दरडावलंत, "खोटा बोलान माझ्या गाडीत बसाचा नाय." आई गेली तेव्हा सगळे म्हणत होते, गावाला गेलीय, येईल. तुम्ही एकटेच म्हणालात, "येवची नाय ती, बाय. पण मी आसंय." अशा माणसाची पेज खोटी कशी असेल? दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेत शेवट एकट्या माझ्याकडे होता. मधल्या सुट्टीत आम्ही तोच खेळलो, आणि जो पट्टेवाला होई त्याला शेवटी दोन वाट्या पाणी पेज म्हणून प्यावं लागे.

परवा पाहिलं तर पेज नाहीच. पट्टेवाला आकाशात जातो आणि परत येत नाही. बहीण खिडकीत उभी राहते, संपलं. पहिल्यांदा मला वाटलं, तुम्ही काही बघितलं नव्हतंत, सगळी थाप होती. पण खिडकीत तो हिरवा पट्टा होता, बाबा. तुम्ही सांगितला होतात तिथेच. म्हणजे तुम्ही पाहिलं होतंत, आणि वैभववाडी ते मालवण तिकिटं फाडत विचार करत आला होतात, की घरातल्या पोरीला हे कसं सांगायचं. फक्त तेवढंच बदललंत. मी टीव्ही बंद केला आणि भाताऐवजी पेज केली. मुलगा कुरकुरला, पण दोनदा मागून जेवला.

तुमच्या माघारी हे पत्र पाठवायचं कुठे, म्हणून तुमच्या तिकिटांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवते. एक सांगायचं राहिलं. त्याच संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर मैत्रिणीने विचारलं, "गो, तुझ्या बापाशीन सांगलेली पेज खंय आसा?" मी लिहिलं, "कापली टीव्हीवाल्यांनी. टायम कमी पडलो आसतलो." सगळ्यांना पटलं. तुमच्या नियमाने आता गाडीतून मला उतरावं लागेल, बाबा, आणि तुम्हालाही.