मिश्री तंबाखूत धरत नाहीत

अव्वा, तुला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला कन्नड नुसतं बोलता येतं, लिहिता येत नाही. म्हणजे तू असतीस तरी हे पत्र तुला दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि यात लिहिलेलं तिसऱ्या माणसानं वाचावं असं नाही. तरी लिहायला बसले आहे. अक्का, तुझी थोरली लेक, आतल्या खोलीत झोपली आहे. काल तिच्या गालाच्या आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला अजून अवकाश आहे आणि तोवर माझं कशातच लक्ष लागत नाही. सकाळी दूध उतू गेलं, मग कुकरमध्ये पाणी घालायला विसरले. सोलापुरात इतकी वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, लोकांना ‘घाबरू नका हो’ म्हणून पाठवलं, आणि आता फोन वाजला की आधी नंबर बघते, मग उचलते.

तू मला नेहमी मागच्या पडवीतल्या चुलीपुढे दिसतेस. अप्पांचं किराणा दुकान पुढे, आपण मागे. अक्कलकोटच्या पलीकडचं गाव, गिऱ्हाईक मराठीत मागायचं आणि आत तू कन्नडात ‘संपलं’ म्हणून ओरडायचीस. गळ्यात इष्टलिंग असलेल्या लिंगायतानं विडी-काडी विकायची नाही, हा अप्पांचा कडक नियम, त्यामुळे दुकानात विडीचं बंडल कधी आलं नाही. पण मिश्रीची काळी तंबाखू मात्र धण्या-जिऱ्याच्या डब्यांशेजारी बसलेली असायची, कारण ती दातांसाठी. तू पत्र्याच्या तव्यावर ती भाजते आहेस, पदर नाकाला लावला आहेस, आम्ही दोघी खोकत अंगणात पळतो आहोत. मग ती कुटायची, फडक्यातून चाळायची, आणि गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन यायच्या. तुझ्यासारखी भाजणी कुणाला जमत नाही म्हणायच्या. गरोदर बायकांना तू आपणहून पुडी पाठवायचीस, मळमळ थांबते म्हणून. सहावीत असताना शाळेतल्या पुस्तकात वाचून मी तुला म्हटलं होतं, अव्वा, मिश्री म्हणजे तंबाखूच की. तेव्हा तू हातातली उलथणी माझ्यावर उगारलीस. ‘आपल्यात कुणी तंबाखू खात न्हाय. भाईर जाऊन असं बोललीस तर बघ.’ मी पुन्हा बोलले नाही.

मी नर्सिंगला सोलापूरला होस्टेलवर गेले, त्याच वर्षी तू तिखट सोडलंस. शेंगाचटणीशिवाय तुझा घास उतरायचा नाही, आणि तू कडक भाकरी दुधात भिजवून खायला लागलीस. विचारलं की म्हणायचीस, नवस हाय. घरात कौतुक झालं. काय धीराची बाई, एवढ्या मोठ्या घराचा स्वयंपाक करते आणि स्वतः बिनतिखटाचं जेवते! तोंड उघडून कुणी बघितलं नाही, आणि तू दाखवलंही नसतंस. बाईमाणूस सगळ्यांच्या मागून जेवतं, कसं चावतं ते कोण बघणार? काकांच्या गळ्याशी गाठ आली तेव्हा दुसऱ्या दिवशी जीप दारात उभी होती. तुझ्या तोंडाला मात्र नुसती उष्णता झाली होती म्हणे. आधी सब्जा, मग गुलकंद, मग एक दाढ काढून झाली. शेवटी मीच हट्टानं सोलापूरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, तंबाखू खाता का? तू ताठ बसून म्हणालीस, ‘छ्या! आमच्यात चालत न्हाय.’ तू खोटं बोलली नव्हतीस. त्यांनी ‘नाही’ असं लिहिलं, मलम दिलं, आणि आपण परत गेलो. मी शेजारीच उभी होते, शिकत होते, आणि मलाही ते उत्तर बरोबरच वाटलं.

पुढे हेच माझं काम झालं. तोंड तपासणीच्या शिबिरांना मी जाते. भिंतीवर चित्र असतं ते मिशीवाल्या बाप्याचं, हातात गुटख्याची पुडी, खाली मराठीत सूचना. आपल्याकडच्या कन्नड गावातसुद्धा मराठीतच. शहरात विणकरांच्या गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या बायका त्या चित्राकडे बघतात आणि आपला काही संबंध नाही म्हणून घरी जातात. शेजारच्या मोहल्ल्यातली चाची मला म्हणाली, ‘तमाखू? नक्को बाबा, हम तो खाली दाँत मांजते.’ तंबाखू नको, नुसते दात घासतो. तुझंच उत्तर, फक्त भाषा वेगळी. तेव्हापासून मी तंबाखू हा शब्दच काढत नाही, दात कशानं घासता एवढंच विचारते, आणि मग कमरेच्या पिशवीतून डब्या निघतात. एकदा तर हसावं का रडावं कळेना. शिबिराला आलेल्या सगळ्या बायकांचे दात काळे, हात काळे. डॉक्टर तोंड बघणार म्हणून सगळ्या घरून मस्त मिश्री लावून, स्वच्छ होऊन आल्या होत्या! श्रीपूरकडच्या ऊसतोडीच्या बायका तर तपासून घेतात आणि निकाल हाती येईपर्यंत त्यांची टोळी भलत्याच फडावर गेलेली असते. मी फोन लावत बसते. त्यांचे नवरे उचलतात आणि ‘सांगतो’ म्हणतात. त्यांनी सांगितलं की नाही, मला कळत नाही, आणि हे मला फार छळतं.

पण एवढ्या बायकांची तोंडं बघितली आणि अक्काचं बघायला मला जमलं नाही. ती लग्नानंतरही आपल्या घरातच राहिली, दुकान तिच्या मुलानं चालवलं, आणि तुझा तवा तिनं चालवला. गेल्या सणाला गेले तर ती डाव्या बाजूनं चावत नव्हती. मी म्हटलं, दाखव. तिनं तोंड घट्ट मिटलं. मी म्हटलं, मिश्रीनं होतं हे, अव्वाला कॅन्सर त्यानंच झाला. तशी ताडकन उठली. ‘अव्वाची मिश्री वाईट व्हती व्हय? सगळ्या गावाला वाटली तिनं. मग गावालाबी तिनंच मारलं म्हण की!’ मला उत्तर माहीत होतं, पण ते तुझ्याबद्दल आहे, आणि ते माझ्या तोंडून निघेना. मी परत आले. महिना-दोन महिने फोन करत राहिले. ती पिकाचं बोलायची, सुनेचं बोलायची, तोंडाचं काढलं की ‘कुणीतरी आलंय’ म्हणून ठेवून द्यायची. तिचा आवाज बदलत चालला होता, शब्द जड पडत होते. मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत एवढी वाट बघितली नसती.

मग एका दुपारी मी तिला फोनवर म्हणाले, अक्का, अव्वा शेवटच्या दिवाळीत मला एक बोलली होती, तुला कधी सांगितलं नाही. ती म्हणाली होती, अक्काला मिश्री सोडायला सांग. मग तिनं विचारलं, ‘कन्नडात म्हणली का मराठीत?’ मी म्हणाले, कन्नडात. ‘काय म्हणली?’ मी म्हणाले, साकु, बिडु. पुरे, सोड आता. अक्का म्हणाली, ‘बरं.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आली, एकटीच, हातात कपड्यांची पिशवी. डॉक्टरांनी तोंड बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला नको तितका कळतो.

काल तुकडा काढल्यावर आम्ही रिक्षानं घरी येत होतो. गालात कापूस, त्यामुळे ती हळू बोलत होती. म्हणाली, ‘अव्वाच्या त्या दिवाळीनंतर तुजी सुट्टी संपली, तू हिकडं आलीस. म्या व्हते तिच्यापाशी. बोलणं बंद झालतं तिचं, पर बोटानं दातावर घासून दावायची, मिश्री मागायची. तेवढंच बरं वाटायचं तिला. म्याच लावायचे माज्या बोटानं. शेवटच्या दिवशीबी लावली.’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ती मला सोड कशी म्हणंल गं?’ तेव्हा मला कळलं की त्या सणाला ती तुझी बाजू धरून भांडत नव्हती. तिला स्वतःच्या बोटाची भीती वाटत होती. तिला जवळ घेऊन सांगावंसं वाटलं, ‘अक्का, तोवर सगळं होऊन गेलं होतं, तू फक्त अव्वाचं दुखणं कमी केलंस.’ तेवढं मी सांगितलं. ती रडली. आणि मग पुन्हा म्हणाली, ‘पर तसं म्हणली का ती, खरंच?’

अव्वा, त्या दिवाळीत तू काहीच म्हणाली नव्हतीस. मी निघताना माझ्या पिशवीत फराळाच्या डब्याखाली मिश्रीची पुडी कोंबलीस आणि माझ्या तोंडावरून हात फिरवलास, एवढंच. पण अजून रिपोर्ट यायचा आहे. तो वाईट आला तर ऑपरेशन, रेडिएशनचा शेक, कित्येक खेपा, आणि प्रत्येक खेपेला तिला गावाकडून एसटीत चढावं लागेल. मी रिक्षात अक्काच्या डोळ्यांत बघून सांगितलं, हो, म्हणाली होती, मी माझ्या कानानं ऐकलं. ती उठून पुन्हा विचारेल, तेव्हाही मी हेच सांगणार आहे.