माझे डोळ्यांचे पेशंट परत येत नाहीत

५ ऑक्टोबर, रविवार
पेणला आम्हा जनरल प्रॅक्टिसवाल्यांसाठी डोळ्यांच्या आजारांचं ट्रेनिंग. शिकवायला तिथल्या नेत्रतज्ज्ञ डॉ. हिना मुकादम. डोळ्यांची साथ, रांजणवाडी, मोतीबिंदू, काचबिंदू. सगळं ओळखीचंच. बुबुळाच्या जखमांचं लेक्चर जेवणानंतर होतं, ते डोळे मिटून ऐकलं. संकल्प: वरसे गावातल्या माझ्या दवाखान्यातून यापुढे एकही डोळा बाहेर पाठवायचा नाही.

७ ऑक्टोबर
टॉर्च, भिंग आणि नजर तपासायचा तक्ता आणला. तक्ता सहा मीटरवर लावायचा असतो. माझी खोली साडेतीन मीटरची. सकाळपासून सगळ्यांची नजर उत्तम निघाली.

१० ऑक्टोबर
उबेद आला. कंपनीत वेल्डर. नाइट शिफ्ट करून डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतंय म्हणाला. निदान: साथ. माझी कंपाउंडर अनिता मध्येच त्याला विचारते, वेल्डिंग करताना काच लावली व्हतीस काय? औषध देणं आणि समजावून सांगणं एवढंच तिचं काम. प्रश्न विचारू नयेत असा नियम करायला हवा.

१८ ऑक्टोबर
डोळ्यांचे चौदा पेशंट झाले. एकही तक्रार घेऊन परत आला नाही. एकही! तापाचे तर तीन-तीनदा येतात. डोळ्यांत माझा हातगुण आहे, हे मला आजवर कळलं कसं नाही? अनिताला सांगितलं. व्हय डॉक्टर, म्हणाली आणि कपाट पुसायला लागली. डॉक्टरांच्या असोसिएशनमध्ये भाषण द्यावं म्हणतो.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
अनिता नागोठण्याला भावाकडे. चार दिवस मीच डॉक्टर, मीच कंपाउंडर. निडीच्या कृष्णाबाई आल्या. भात झोडताना डोळ्यात कुसळ गेलेलं. डोळा लालभडक. स्टिरॉइडचे थेंब दिले, लाली झटकन जाते. आधी रंगाची पट्टी लावून जखम बघायची असते, पण पाकीट फोडायला कात्री सापडेना.

२५ ऑक्टोबर
कृष्णाबाईंचा निरोप: थंड वाटतंय. भाषणाची पहिली स्लाइड तयार.

२८ ऑक्टोबर
कृष्णाबाई परत आल्या. डोळा उघडेना. बुबुळावर पांढरा ठिपका, समोर धरलेली बोटं मोजता येईनात. मी म्हणालो, थेंब चारऐवजी सहा वेळा घाला. अनिताने बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि रिक्षा बोलावली. मी आवाज चढवला. ती म्हणाली, डॉक्टर, पेणला चला, आत्ताच्या आत्ता. गेलो.

डॉ. हिनांनी आधी माझे आभार मानले. इतक्या वेळेवर पेशंट दुसरं कोणी पाठवत नाही म्हणे, या महिन्यात सतरा आले. मी अनिताकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती. म्हणजे आत मी चिठ्ठी लिहून देत होतो आणि बाहेर ती पेणचा पत्ता. फक्त कृष्णाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ती नव्हती.

मग त्यांनी विचारलं, भाताच्या जखमेत बुरशी धरते, स्टिरॉइडने ती फोफावते, यांना हे थेंब दिले कोणी? मी घसा खाकरत होतो, तेवढ्यात कृष्णाबाईच बोलल्या, आमच्या डॉक्टरांना काय बोलू नको गो, पहिले दोन दिवस लय बरं वाटलं. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. मीच दिले, म्हणालो.

११ नोव्हेंबर
डोळा वाचला. पण बुबुळावर पांढरं फूल राहणार, त्या डोळ्याने आता सुईत दोरा ओवता येणार नाही. माझ्यामुळे. हा एक शब्द लिहायला मला चौदा दिवस लागले.

सकाळी कृष्णाबाई गुडघा दुखतो म्हणून आल्या. दुसरीकडे गेल्या नाहीत, याचं बरं वाटलं. मी पडद्याआड हात धूत होतो. बाहेर त्या हळूच अनिताला विचारत होत्या, गुडघ्याला पण पेणलाच जायाचं काय गो?

मी नळ बंद करून कान दिला. अनिता बराच वेळ विचार करत होती.