हातगुणाची नोंद दुरुस्त करण्याबाबत

दिनांक: १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक,
प्लॅस्टिक बादल्यांचा कारखाना,
वालीव, वसई (पूर्व).

विषय: दुरुस्ती नोंदवहीतील ‘मॅडमचा हातगुण’ हे कारण खोडून खरे कारण लिहिण्याबाबत.

संदर्भ: देखभाल प्रमुखपदासाठीचा माझा अर्ज नामंजूर केल्याचे आपले दि. ५ जानेवारीचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविते की, मी आपल्या कारखान्यात सप्टेंबर २०२४ पासून देखभाल अभियंता आहे. ‘आपल्या नावावर एकाही मोठ्या दुरुस्तीची नोंद आढळत नाही,’ असे आपण पत्रात म्हटले आहे. मी नोंदवही पाहिली. आपले म्हणणे अक्षरशः खरे आहे. मी केलेल्या सहाही दुरुस्त्या आरतीच्या ताटाच्या खात्यावर आहेत.

१. हे घडले ते असे. मी रुजू झाले त्या वर्षी दसऱ्याच्या यंत्रपूजेला तीन नंबरचे मोल्डिंग मशीन बंद पडले होते. मशीनवर काम करणाऱ्यांत बाई मी एकटीच, म्हणून ओवाळायचे काम न विचारता माझ्याकडे आले. मी ख्रिस्ती. ताट कोणत्या दिशेने फिरवायचे हे ऑफिसातल्या निधीताईंना विचारून घ्यावे लागले. पण सणाला घरच्यासारखे बोलावले याचा आनंदच झाला. कुंकू लावायला वाकले, तर सेफ्टी दरवाजाचा स्विच ढिला होऊन लोंबत होता. दरवाजा उघडाच आहे असे समजून मशीन अडून बसले होते. मेन बंद असल्याची खात्री केली, ताटातल्या नाण्याने दोन स्क्रू आवळले आणि मग ओवाळले. मेन लावून बटण दाबताच मशीन सुरू झाले. फोरमन श्री. रामनाथ यांचे डोळे भरून आले. ‘मॅडम, तुमच्या हाताला गुन आहे,’ असे म्हणून त्यांनी तेच वहीत लिहिले. लिहिताना ‘ण’ मात्र शुद्ध काढला.

२. तेव्हापासून मशीन अडले की आधी ताट येते, मग मला बोलावणे येते. त्याच दिवाळीत एक नंबरच्या मशीनचा ऑइल फिल्टर तुंबला. मी पाना मागितला. मला झेंडू देण्यात आला. नाइलाजाने मी पाना झेंडूखाली लपवून नेऊ लागले. काम चालते तेवढा वेळ मंडळी डोळे मिटून, हात जोडून उभी असतात, त्यामुळे तो पाना आजवर कोणी पाहिलेला नाही. वहीत शेवटी ‘देखरेख: अल्पेश’ असे येते. श्री. अल्पेश माझ्यानंतर रुजू झाले. स्वभावाने सालस आहेत. देखरेख म्हणजे ते पेटते निरांजन तेलापासून लांब धरून उभे राहतात. प्रमुखपदी आता त्यांची निवड झाली आहे. पेढा देताना त्यांनी हळूच विचारले, ‘मॅडम, तो फिल्टर नक्की कुठल्या बाजूला असतो?’

शेजारच्या गाळ्यातून तर परवा निरोप आला की मॅडमना त्रास नको, ताट तेवढे पाठवावे.

३. मुलाखतीत मला विचारण्यात आले की, ग्रीसने हात काळे झालेले घरी चालतील का. घरी माझे वडील श्री. ऑगस्टीन केळीची वाडी करतात. बाराव्या वर्षी मी विहिरीचा पंप उघडून हात काळे केले, तेव्हा त्यांनी आधी साबण दिला आणि नंतर शेजाऱ्यांचा बिघडलेला पंप दाखवला. आपले पत्र वाचून ते एवढेच म्हणाले, ‘मग मशीन कोणी चालू केलं?’ महोदय, त्याचे मला फार वाईट वाटले.

तरी सहाही नोंदींत खरे कारण व माझे नाव लिहावे आणि माझ्या अर्जाचा फेरविचार व्हावा, ही विनंती. ते शक्य नसल्यास ताटालाच प्रमुखपदी नेमावे. नोंदी पाहता त्याचा अनुभव श्री. अल्पेश यांच्याहून अधिक आहे.

आज सकाळपासून तीन नंबर पुन्हा बंद आहे. श्री. रामनाथ यांचे दोनदा बोलावणे येऊन गेले. ताट मी या अर्जासोबत आपल्या टेबलावर ठेवले आहे. आपण स्वतः ओवाळून पाहावे.

पाना माझ्याकडे आहे.

आपली, बोलावण्याची वाट पाहणारी,
(सही)
स्टेफी ऑगस्टीन तुस्कानो
देखभाल अभियंता
रा. आगाशी

सोबत:
१. आरतीचे ताट, झेंडूसह
२. तुंबलेला फिल्टर
३. काडेपेटी