दस्त्यातली खुंटी

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

इकडे मी बरी आहे. थंडी मरणाची, मेसचा भात चिकट, आणि माझी रूममेट पूर्वी पहाटे उठून मोठमोठ्याने अभ्यास करते. तुम्ही दिलेली सुकी मासळी, वाकटी, संपली. तुमचा खोकला कसा आहे? फोनवर विचारलं असतं, पण मी फोन केला की तुम्ही तो आईच्या हातात देऊन मागच्या दारी निघून जाता. म्हणून पत्र. विनेशदादा गावी येतोय, त्याच्याबरोबर माझ्या एअर रायफलचा दस्ता पाठवलाय. नुसतं लाकूड आहे, आईला सांगा घाबरू नकोस.

खांद्याला टेकते त्या पट्टीचा वरचा स्क्रू पुन्हा पकडत नाही, नुसता फिरतो. मे महिन्यात तुम्ही भोकात खुंटी मारून दिली होती, तीच ढिली झालीये.

आता लपवून काय उपयोग, विनेशदादाने तुम्हाला फोनवर सगळं सांगितलंच आहे. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. हो, नेमबाजीच्या निवड चाचणीत पट्टी सरकली. शेवटचे छर्रे भलतीकडे गेले आणि माझी निवड झाली नाही. मला रडू आलं, खूप आलं. तुमचा रागही आला. मग खुंटी उपसून पाहिली. होडीत मारता तशीच मारली होतीत, फेविकॉलशिवाय. तुम्हीच म्हणता ना, खुंटी आपण मारायची, फुगवून आवळायचं काम समुद्राचं. बाबा, पुण्याच्या एसी हॉलमध्ये समुद्र कुठून आणू? लाकूड सुकलं, आक्रसलं, सुटलं. एवढंच झालं.

सर म्हणाले, इथल्या कारागिराकडे दे. मी नाही दिला. आईने सांगितलं, गणराजमामा होडीचं काम घेऊन आला तर तुम्ही त्याला म्हणालात, "सुतार मेला, दुसरा बघ." हे काय बोलणं झालं? एका खुंटीपायी? तुमच्या हातच्या किती होड्या आज पाण्यात आहेत, जरा बंदरावर जाऊन बघा.

पुढची चाचणी फेब्रुवारीत आहे. दस्ता तुम्हीच नीट करायचा. नाही केलात तर मी चाचणीला जाणार नाही. धमकी समजा.

तुमची हट्टी,
पूनम


बोडणी, २४ जानेवारी २०२५

चि. पूनमला अनेक आशीर्वाद.

धमकी पोचली. तुझ्या आईने दस्ता आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला. जेवायची सोय ठेवली न्हाय.

जुनं भोक साफ केलं. सागाची नवी खुंटी तासून तांदळाच्या डब्यात ठेवली, म्हणजे आत ओल राहणार न्हाय. मग फेविकॉल लावून मारली. जन्मात पहिल्यांदा. तुझा आजा असता तर हसला असता. खालच्या स्क्रूचं भोक चांगलं हाय, तरी तेही तसंच करून घेतलं.

तू हरलीस ते ऐकलं आणि हातात छिन्नी धरवेना. आपल्याच पोरीचं नुकसान केलं तो हात कशाला वापरायचा, असं वाटायचं. फोनवर तुझ्याशी बोलायची लाज वाटत होती. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. तू दस्ता पाठवलास.

स्क्रू मी आवळले न्हाय, पुडीत बांधून दिलेत. होडीची शेवटची खुंटी मालकाने ठोकायची असते, हे तुला लहानपणापासून ठाऊक हाय. मागच्या वेळी घाईत मीच आवळले होते. या वेळी तू आवळ. जोर लावू नको, पकडला की थांब.

वाकटी सोबत हाय. पूर्वीलाही दे. खोकला बरा हाय. सोमवारी गणराजची होडी कामाला घेतो.

तुझा बाप,
येसाजी सुतार
(मेला न्हाय)